आपलीच आहे, भारतीय लिहा

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्वाचा एक रकाना असतो. तो कोणी वाचत नाही. आपल्याकडे आईबापांचा जीव जन्मतारखेत आणि जातीत अडकलेला. राष्ट्रीयत्व तर कारकून विचारतही नाही, वरपासून खालपर्यंत 'भारतीय', 'भारतीय' असं लिहीत जातो. धुळ्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात मात्र तो शब्द एका मुलीपुढे माझ्या सांगण्यावरून लिहिला गेला. तो खोटा होता. सांगताना आपण फार थोर काम करतोय असं मला वाटलं होतं, आणि तेच आता मनाला जास्त लागतं.

मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. माझा आवाज मोठा आणि स्वभाव तापट, हे माझे विद्यार्थी सांगतीलच, घरातले तर न विचारता सांगतात. कुणाचं काम अडलं की मला राहवत नाही. तहसील असो, शाळा असो, दवाखाना असो, मी पदर खोचून पुढे. आमचे हे म्हणतात, हिला मदत करायची नसते, हिला पुढे उभं राहायचं असतं. हे वाक्य मी वीस वर्षं थट्टेवारी नेलं.

धुळ्याच्या देवपूर भागात आम्ही प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा कॉलनीत सात-आठच घरं होती आणि मागे उघडी शेतं. चोऱ्या व्हायला लागल्या तसा कॉलनीने एक राखणदार ठेवला. पश्चिम नेपाळातल्या एका डोंगरी गावचा माणूस, माझ्याच वयाचा, बुटका, रुंद छातीचा. सगळे त्याला गुरखा म्हणायचे. खरं नाव विचारायच्या आधीच देशभर सगळ्या नेपाळी राखणदारांना देतात ते एक नाव कॉलनीने त्याला चिकटवून टाकलं होतं. त्यानेही ते निमूट घेतलं. त्याचा बाप भारतीय सैन्यात होता, गुरखा पलटणीत हवालदार होऊन पेन्शनवर गेलेला. याला मात्र भरतीत घेतलं नाही, उंची थोडी कमी पडली. मग गावच्या एका माणसाच्या ओळखीने तो इकडे आला, सैन्याऐवजी आमच्या कॉलनीची राखण करू लागला.

दोन वर्षांनी तो बायकोला घेऊन आला. ती एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला लागली. कॉलनीच्या कडेला पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत त्यांचा संसार. मुलगी झाली ती इथल्याच सरकारी दवाखान्यात, आणि बोलायला लागली ती थेट अहिराणी. शेजारच्या वस्तीतल्या पोरांत वाढली होती ना. नाकीडोळी पहाडातली आणि जिभेवर खानदेश. मला 'अक्का' म्हणायला तिनेच सुरुवात केली, मग तिच्या बापानेही मॅडम सोडून अक्का धरलं.

पोर पहिलीत घालायची झाली तेव्हा तिच्या बापाने मला सोबत नेलं. शाळेच्या कार्यालयात भिंतीला टेकून चार कपाटं, मधे टेबल, टेबलावर ते लांबलचक रजिस्टर. कारकून चांगला माणूस होता. नाव, जन्मतारीख, बापाचा व्यवसाय असं विचारत एका रकान्यावर आला आणि बापाच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. म्हणाला, "मॅडम, हे नेपाळचे ना? मग राष्ट्रीयत्व काय लिहू?"

बापाने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. मी त्याच्या आधी बोलले. "भारतीय लिहा हो. आपलीच आहे ती."

कारकुनाला बरं वाटलं, त्याची डोकेदुखी गेली. मातृभाषेच्या रकान्यापाशीही मी मागे हटले नाही, मराठी लिहा म्हटलं, खरं तर अहिराणी लिहा, पण तुमच्याकडे तशी सोय नसेल. कारकून हसला, बाप हसला, मी तर सगळ्यात मोठ्याने हसले. घरी येऊन यांना सांगितलं, आज एका पोरीला देश मिळवून दिला. ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "तिच्याकडे नव्हता का?"

मी वर्गात भारताचे परराष्ट्र संबंध शिकवत असे, तेव्हा नेपाळचं प्रकरण माझं हातखंडा होतं. शांतता आणि मैत्रीचा करार, उघडी सीमा, तिकडच्या माणसाने इकडे यावं, राहावं, काम करावं, कुणी अडवणार नाही. आणि त्याही आधीचा भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यातला तो त्रिपक्षीय करार, ज्यामुळे दुसऱ्या देशाचे नागरिक आपल्या सैन्यात आपल्या जवानांच्या बरोबरीने भरती होतात. जगात असं उदाहरण शोधून सापडायचं नाही, असं मी टेबलावर हात आपटून सांगायची. मग उदाहरणादाखल आमच्या कॉलनीतला राखणदार यायचा. "तो नेपाळी आहे हे आम्ही विसरूनसुद्धा गेलो," असं माझं ठरलेलं वाक्य होतं. पोरं ते लिहूनही घ्यायची. विसरून जाणं हा कसला मोठेपणा, असं एकानेही विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

नेपाळात मोठा भूकंप झाला त्या वर्षी आम्ही कॉलनीतून कपडे, चादरी, जे जमेल ते त्याच्या गावाकडे पाठवलं. त्याच वर्षी काही महिन्यांनी सीमेवर मालाच्या गाड्या अडकल्या. तिकडे पेट्रोल नाही, गॅस नाही, औषधं नाहीत, असं बातम्यांत यायला लागलं. दिवाळी झाली होती. एके सकाळी तो काठी भिंतीला टेकवून आमच्या ओट्याशी उभा राहिला. मी फराळाचं ताट आणायला वळले तर म्हणाला, "अक्का, तुमना सरकारनी गाड्या काब रोक्यात?"

मी ताट तसंच ठेवलं. इतक्या वर्षांत त्याने 'तुमना' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. आपण चादरी पाठवल्या आणि हा आपल्यालाच जाब विचारतो. मी प्राध्यापकी आवाजात सांगितलं की भारत सरकारने काही अडवलेलं नाही, त्यांच्याच तराई भागात आंदोलन चालू आहे, म्हणून गाड्या पुढे जात नाहीत, तसं अधिकृतपणे सांगितलेलं आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "व्हई, अक्का. पन गॅस नही तठे. माय लाकडंवर रांधी राहिनी." आणि काठी उचलून गेला. फराळ त्याच्या बायकोच्या हाती पाठवला.

दिवसभर मी चिडचिड करत होते. आमचे हे म्हणाले, बरोबरच विचारलं त्याने, रस्ता आपल्या बाजूने जातो, तर प्रश्न आपल्यालाच येणार. मी म्हटलं, तुम्हाला आंतरराष्ट्रीय राजकारणातलं कळत नाही. ते म्हणाले, "हो, पण दार कोणाच्या अंगणात उघडतं ते कळतं."

त्याच हिवाळ्यात माझ्या माहेरी, शिंदखेड्याकडच्या गावी, मला बोलावणं आलं. वडील जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. भावाने आम्हा दोघी बहिणींना जेवायला बोलावलं होतं. मांडे केले होते, आमरसाचे दिवस नव्हते म्हणून गुळवणी. जेवणं झाल्यावर त्याने हक्कसोडाचे कागद काढले. माझा हा भाऊ मायाळू आहे. कधी गेलं तरी विहिरीवर नेऊन दाखवतो, "आपली विहीर, आपला मळा, आपली केळी." त्याने पेन पुढे केलं आणि म्हणाला, "आठे सही कर दे, ताई. बठ्ठं आपलंच शे."

मी सही केली. कुरकुर केली नाही, वाटा मागायचा विचारही नव्हता. पण धुळ्याला परतताना बसमध्ये मला ते शब्द टोचत राहिले. सगळं आपलंच असेल तर माझी सही कशाला लागली? 'आपलं' म्हणणाऱ्याचा हात वर असला की 'आपलं' म्हणजे त्याचं होतं, आणि आपण नुसतं हसायचं असतं. हे मला तेव्हा स्पष्ट कळलं. कळलं ते माझ्या भावाबद्दल. माझ्या स्वतःबद्दल कळायला आणखी बरीच वर्षं गेली.

पोर मोठी होत गेली. अभ्यासात बरी, पळण्यात पुढे. सकाळी पांझरा नदीच्या काठाने पळायला जायची, बाप शिट्टी गळ्यात तशीच ठेवून मागून सायकलवर. त्यांच्या खोलीत आजोबांचा एक फोटो होता, तिरकी टोपी, छातीवर पट्ट्या. महाविद्यालयात आमच्याकडेच आली, एनसीसीत गेली, अर्ज भरताना दाखला पाहून 'भारतीय' लिहिलं गेलं. एका दाखल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. माझा शब्द आता आठ-दहा कागदांवर जाऊन बसला होता. तिच्या डोक्यात मात्र एकच होतं. "आजा हवालदार व्हता, अक्का. मी साहेब व्हसू." मुलींना सैन्यात अधिकारी होता येतं हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं.

ती पदवीच्या वर्गात होती तेव्हा सैन्यात चार वर्षांच्या भरतीची नवी योजना आली. नेपाळने आपली पोरं पाठवणं थांबवलं. चार वर्षांनी घरी, पेन्शन नाही, हे जुन्या करारात कुठे होतं, असं त्यांचं म्हणणं. मी वर्गात दोन्ही बाजू शिकवल्या. टाकीखालच्या खोलीत ती बातमी वेगळी पोचली. गावाकडचा तिचा चुलतभाऊ दोन वर्षं डोंगरावर दगडाची टोपली घेऊन पळत होता, भरतीसाठी. तो आखातात गेला, एका गोदामात. पोर मला म्हणाली, "मना रस्ता बंद नही, अक्का. मी आठली शे." मी म्हटलं, "मग काय तर. तू आपलीच."

पुढच्या वर्षी तिने अधिकारी पदाच्या परीक्षेचा अर्ज भरला. आमच्या जेवणाच्या टेबलावर, माझ्याच संगणकावर. नाव, पत्ता, जन्मतारीख भरून ती राष्ट्रीयत्वाशी आली. पडद्यावर एकच शब्द नव्हता. 'भारताचा नागरिक' होतं, त्याखाली 'नेपाळची प्रजा' असंही होतं. तिचं बोट थांबलं. "अक्का, आठे काय लिखू? दोन्ही शेत."

मी चहा गाळत होते. मागे वळून न बघता म्हणाले, "पहिलंच लिही. दाखल्यावर तेच आहे ना? उगाच दुसरं काही टाकून भानगड नको."

इतकंच झालं. ती परीक्षेची जाहिरात पंधरा-वीस पानांची होती. त्यातलं पात्रतेचं पान मी वाचायला हवं होतं. मी राज्यशास्त्राची प्राध्यापक, पंचवीस वर्षं तोच करार शिकवणारी. विद्यार्थ्यांना मी सांगते की मूळ दस्तऐवज वाचा, दुसऱ्याच्या तोंडाचं घेऊ नका. आणि मी चहा गाळत होते.

लेखी परीक्षेत ती पास झाली. कॉलनीत पेढे वाटले गेले, अध्यक्षांनी पाठीवर थाप मारून बापाला 'आपल्या कॉलनीचं नाव काढलं' म्हटलं. मुलाखतीसाठी ती लांबच्या शहरात गेली, चार-पाच दिवसांची तयारी करून. तिथे कागद तपासताना एक लांबलचक फॉर्म भरायचा होता, आईचं राष्ट्रीयत्व, बापाचं राष्ट्रीयत्व, जन्म कुठला. पोर सरळ आहे. जे होतं ते लिहिलं: आई नेपाळ, वडील नेपाळ, जन्म धुळे. मग समोरच्याने विचारलं, आईबाप दोघं नेपाळचे तर तू भारतीय कशी?

ती म्हणाली, जन्म इथला आहे. इथे जन्मली म्हणजे भारतीय, असंच तिला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं, आणि मी वर्गात राज्यघटना शिकवते; आईबापांपैकी एक तरी भारतीय लागतो, हे मी कधी पडताळलं नव्हतं. तो अधिकारी तिच्यावर ओरडला नाही. त्याने जाहिरातीचं ते पान काढून तिच्यापुढे ठेवलं. नेपाळच्या प्रजेलाही ही परीक्षा देता येते. खरं लिहिलं असतं तर ती आत होती. खोटं लिहिलं, म्हणून अर्ज बाद. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती परत निघाली.

ती आली तेव्हा मी ओट्यावरच होते. ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी फोन शोधायला लागले. अमक्याच्या ओळखीचा एक निवृत्त कर्नल आहे, तमक्याचा भाचा मंत्रालयात आहे, मी बोलते, मी लिहिते, हा अन्याय आहे, इथे जन्मलेली पोर. ती पिशवी खाली ठेवून उभी होती. मग तिने त्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला, त्या पात्रतेच्या पानाची प्रत, आणि एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली.

"आठे लिखेल व्हतं, अक्का. आपन वाचंच नही."

तिने 'आपण' म्हटलं. 'तुम्ही' म्हणायला हवं होतं, पण तिने मला सोबत घेतलं. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. मला लाज वाटली. वाटलं, हिच्या देशाच्या नावाने हिच्यासाठी एक दार होतं, दोन सरकारांनी सह्या करून ठेवलेलं, आणि मी माझ्या मायेने त्याला बाहेरून कडी लावली.

संध्याकाळी तिचा बाप आला. मी त्याला बसायला सांगितलं, तो नेहमीसारखा पायरीवर बसायला गेला, मी खुर्ची दाखवली तेव्हा कडेकडेने टेकला. मी म्हटलं, भाऊ, चूक माझी. तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "कागद मना खिसामा व्हता त्या दिवशी, अक्का. नेपाळना नागरिकताना. पन तुमी सांगं, आपलीच शे, तं माले बी गोड लागनं."

तो कागद काढणार होता. मी त्याच्या तोंडातला शब्द काढून माझा घातला, आणि तो माझ्यावर रागावलासुद्धा नाही, उलट त्याला गोड लागलं. वीस वर्षं मी त्याला 'अरे' म्हणत आले होते. आपला म्हटलं की 'अहो' लागत नाही ना. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी त्याला 'तुम्ही' म्हटलं, तर तो इतका अवघडला की उठूनच गेला.

पोरीने मात्र वेळ घालवला नाही. तिने चौकशी करून आणलं होतं काय काय लागतं ते. बापाने गावी जाऊन तिचा तिकडचा नागरिकतेचा कागद काढायचा. इकडे शाळेचा दाखला दुरुस्त करायचा, त्याला शिक्षण खात्याची मंजुरी. आणि त्यासाठी एक प्रतिज्ञापत्र: प्रवेशाच्या वेळी राष्ट्रीयत्व चुकीचं कसं सांगितलं गेलं, कोणी सांगितलं.

इथे आमच्या घरात वाजलं. आमचे हे म्हणाले, बापाने द्यावं ना प्रतिज्ञापत्र. पालक तो आहे. तू कशाला लिहून देतेस, की मी सरकारी नोंदीत खोटी माहिती दिली म्हणून? निवृत्तीच्या तोंडावर? महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्यानेही तेच सांगितलं, जरा हळू आवाजात. गैरसमजातून झालं असं बापाकडून लिहून घ्या, अशिक्षित माणूस आहे, कोणी काही करणार नाही. भीती वाटत होती, का नाही वाटणार. चौकशी लागेल, पेन्शनचे कागद अडकतील, कॉलेजात कुजबुज होईल. आणि त्या भीतीतही मला एक गोष्ट दिसत होती. बापाने लिहून दिलं तर खोटं बोलणारा परका माणूस तो ठरणार होता. परदेशी माणूस, खोटी नोंद. उद्या कोणी त्यालाच विचारलं, इथे कसा राहिलास, तर? मी लिहिलं तर फार तर एका म्हाताऱ्या बाईचा आगाऊपणा ठरणार होता. उघडी सीमा माझ्यासाठी जितकी उघडी होती तितकी त्याच्यासाठी कधीच नव्हती, हे करारात लिहिलेलं नाही, पण आमच्या कॉलनीत राहून मला ते दिसायला हवं होतं.

यांना म्हटलं, मी देणार आहे. ते म्हणाले, "मग नीट वाचून सही कर, या वेळी तरी."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी वाट बघत बसू नये. माझ्यावर कुणी चौकशी लावली नाही. दाखला दुरुस्त व्हायला पाच महिने लागले, त्यात एक परीक्षा हातची गेली. वय अजून शिल्लक आहे. खोट्या माहितीबद्दल तिने खुलासा पाठवला आहे, त्याचं उत्तर यायचं आहे. ते काय येईल ते मला माहीत नाही, आणि कधी कधी सकाळी जाग येते ती तेच मनात घेऊन. ती अभ्यास करते आहे, काठाने पळते आहे. दुरुस्तीचा अर्ज घेताना कारकुनाने विचारलं, मातृभाषाही बदलायची का. तिने आईला विचारलं, आईने नेपाळी भाषेत काहीतरी लांब सांगितलं, आणि मग पोरीने ठरवलं, "ते राहू द्या. ते खोटं नही."

प्रतिज्ञापत्राच्या दिवशी आम्ही दोघी कचेरीच्या आवारात गेलो. झाडाखाली टेबलं मांडून टाइप करणारे बसतात, एकेकाकडे संगणक आणि मागे लांब वायर. आमचा टाइप करणारा पन्नाशीचा, कपाळावर चष्मा. मी सांगत होते, तो बडवत होता. "मी खाली सही करणार लिहून देते की, सदर मुलीच्या प्रवेशाच्या वेळी मी स्वतः हजर होते. मुलीच्या वडिलांनी माहिती देण्यापूर्वीच मी तिचे राष्ट्रीयत्व भारतीय असल्याचे सांगितले. सदर मुलगी भारतीय नसून नेपाळची नागरिक आहे."

ते वाक्य पडद्यावर उमटलं. तिच्यादेखत मला ते तोंडाने म्हणावं लागलं होतं. मी टाइप करणाऱ्याला म्हटलं, पुढे लिहा, तथापि ती लहानपणापासून आमच्यातच वाढली असून.... तो थांबला. चष्मा खाली घेत म्हणाला, "मॅडम, प्रतिज्ञापत्रात असं चालत नाही. माया-बिया नको. फक्त जे आहे ते."

"नको लिखा, अक्का," पोर म्हणाली. "जे शे तेच जोयजे माले."

मी तथापि खोडायला सांगितलं. तो मजकुरात खाली सरकला. "आता तुमचं आणि मुलीचं नातं. हा रकाना भरावाच लागतो. तुम्ही माहिती दिली ती कोण म्हणून?"

वीस वर्षं त्या पोरीबद्दल मी इतकं बोलले होते, वर्गात, कॉलनीत, शाळेत, की हे शेवटचं उत्तर माझ्याकडे नसेल असं कधी वाटलंच नव्हतं. अक्का म्हणून चालत नाही. आई, मावशी, पालक, काही नाही. टाइप करणारा बोटं अधांतरी ठेवून बघत होता. मला परत काहीतरी मोठं सांगायची हुक्की आली होती, ती मी गिळली आणि पोरीकडे पाहिलं. या वेळी तिने बोलावं म्हणून थांबले.

तिने थोडा विचार केला. मग त्याच्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "शेजारी लिखा, भाऊ."

त्याने टाइप केलं. मी पूर्ण कागद एकदा वाचला, मग पुन्हा वाचला, आणि सही केली.